अ‍ॅडम ऑस्बोर्न : वाढलेली विक्री आणि मागे पडलेली वही

यशस्वी उद्योजकांची चरित्रे स्मरणिकांतून वारंवार येतात, व ती यावीतच. परंतु ज्याचा माल बाजारात आल्यापासून अडीच वर्षांच्या आत त्याची पेढी कळसास पोहोचली आणि त्याच मुदतीत बुडालीही, अशा गृहस्थाचे चरित्र व्यापाऱ्याने अधिक बारकाईने वाचावे असे प्रस्तुत लेखकास वाटते. यशाच्या कथेत दैवाचा वाटा किती आणि कर्तृत्वाचा किती हे निवडून काढणे कठीण जाते. नुकसानीच्या कथेत मात्र जमाखर्चाची पाने आपोआप उघडी पडतात.

ह्या विषयास आणखी एक निमित्त आहे. आज आपल्या पुष्कळ घरांतील मुले व मुली वडिलोपार्जित दुकानाच्या गादीवर न बसता, ज्यास हल्ली ‘स्टार्टअप’ म्हणतात असा नव्या तंत्रावर उभारलेला उद्योग करू पाहतात आणि त्यासाठी घरचे भांडवल मागतात. वडीलधाऱ्यांस यंत्र कळत नाही आणि मुलांस उधारीची वही कळत नाही, अशी काही ठिकाणी स्थिती असते. ज्यांच्याविषयी आपण येथे पाहणार आहोत ते अ‍ॅडम ऑस्बोर्न ह्यांस यंत्र उत्तम कळत होते, गिऱ्हाईक तर त्याहूनही उत्तम कळत होते. आणि तरीही त्यांचे नाव आज इंग्रजी व्यापारी भाषेत एका चुकीचे नाव म्हणून रूढ झाले आहे. नव्या मालाची वार्ता वेळेआधी फोडून जुन्या मालाची विक्री स्वतःच्या हाताने बंद पाडणे, ह्यास तिकडे ‘ऑस्बोर्न परिणाम’ असे म्हणतात. ही गोष्ट कितपत खरी आहे आणि तिच्यामागे दुसरे काय दडले होते, हे पाहणे हाच ह्या लेखाचा उद्देश होय.

पूर्ववृत्त

ऑस्बोर्न ह्यांचा जन्म ६ मार्च १९३९ रोजी सयामच्या राजधानीत, बँकॉक येथे झाला. वडील आर्थर ऑस्बोर्न हे इंग्रज, आई पोलंडची. वडिलांचा ओढा पौर्वात्य अध्यात्माकडे असल्यामुळे हे कुटुंब तामिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे रमणमहर्षींच्या सान्निध्यात येऊन राहिले. पुढे महायुद्धात जपान्यांनी सयाम व्यापला तेव्हा तेथे असलेले वडील कैदेत पडले, आणि मुलांचे बालपण आईच्या छायेत अरुणाचलाच्या पायथ्याशी गेले. कोडाइकनालच्या एका कॉन्व्हेंट शाळेत अ‍ॅडम ह्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. वयाच्या अकराव्या वर्षी, १९५० साली, ते इंग्लंडास गेले. बर्मिंगहॅम विद्यापीठातून १९६१ साली त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली, नंतर अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाची डॉक्टरेट १९६८ साली मिळविली, आणि कॅलिफोर्नियात शेल ह्या तेल कंपनीत नोकरी धरली. नोकरी त्यांस मानवली नाही. संगणकाच्या कामाची गोडी लागलेली होती. नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्रपणे संगणकविषयक लेखन व सल्ला देण्याचे काम आरंभिले.

पुस्तकांचा धंदा

त्या काळी, म्हणजे १९७५ च्या सुमारास, घरात ठेवता येतील असे लहान संगणक नुकतेच निघू लागले होते. ते विकत घेणारी मंडळी बहुधा हौशी अभियंते असत. यंत्र सुट्या भागांच्या स्वरूपात मिळे, ते स्वतः डाग देऊन जोडावे लागे, आणि त्याबरोबर येणारी माहितीपत्रके इतकी दुर्बोध असत की शहाण्या माणसानेही हात टेकावेत. ऑस्बोर्न ह्यांनी नेमकी ही उणीव हेरली. लहान संगणकांची ओळख करून देणारे सोप्या भाषेतील पुस्तक त्यांनी लिहिले व स्वतःच छापले. कॅलिफोर्नियातील हौशी लोकांच्या ‘होमब्रू’ नावाच्या मंडळाच्या सभांत ते पुस्तकांची खोकी घेऊन जात आणि तेथेच विक्री करीत. इम्साय नावाच्या संगणक बनविणाऱ्या कंपनीने आपल्या यंत्राबरोबर हे पुस्तक देण्यास आरंभ केला, तेव्हा खप एकदम वाढला. पाठोपाठ इतरही पुस्तके निघाली व प्रकाशनाची चांगली पेढी उभी राहिली. १९७९ साली मॅग्रॉ-हिल ह्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती विकत घेतली.

ह्या प्रकरणाकडे चरित्रकार घाईने पाहून पुढे जातात. आपण तसे करू नये. कारण ऑस्बोर्न ह्यांचा पुढील सर्व धंदा ह्या पुस्तकविक्रीतच शिकलेला आहे. गिऱ्हाइकास यंत्र नको असते, यंत्राकडून होणारे काम हवे असते. आणि आपली वस्तू दुसऱ्याच्या वस्तूच्या गाठोड्यात बांधून दिली तर नफा थोडा सुटतो पण खप निश्चित होतो, ह्या दोन गोष्टी त्यांस इम्सायच्या व्यवहाराने शिकविल्या. पुस्तकाच्या धंद्यात मात्र आणखी एक सोय असते, जी पुढे यंत्राच्या धंद्यात त्यांस मिळणार नव्हती. पुस्तकाची आवृत्ती एकदा छापली की तिचा खर्च त्याच दिवशी कळतो. प्रती मोजता येतात, आणि पडून राहिलेली प्रत वर्षभराने विकली तरी फारसे बिघडत नाही.

एका डब्यात सर्व काही

संगणकांवर वृत्तपत्री सदर लिहिताना ऑस्बोर्न हे यंत्रनिर्मात्यांवर कडक टीका करीत. त्यांचे म्हणणे असे की, दुकानदार संगणक विकतो, पण पडदा वेगळा, टंकफलक वेगळा, माहिती साठविण्याच्या तबकड्यांची पेटी वेगळी, आणि ज्यांच्यावाचून यंत्र केवळ शोभेचे ठरते ते प्रोग्रॅम तर सर्वांत महाग व सर्वांत वेगळे. घेणारा बिचारा चार दुकाने हिंडतो आणि शेवटी ते भाग एकमेकांशी जुळतच नाहीत. सगळे एका डब्यात घालून एका किमतीस का देऊ नये?

टीका करणाऱ्याने स्वतः करून दाखवावे असे म्हणतात. ऑस्बोर्न ह्यांनी ते मनावर घेतले. होमब्रू मंडळाच्या सभा चालविणारे कुशल अभियंते ली फेल्सनस्टाइन ह्यांस त्यांनी बरोबर घेतले. १९८१ च्या आरंभी ऑस्बोर्न कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली, आणि एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक-प्रदर्शनात ‘ऑस्बोर्न १’ हे यंत्र लोकांपुढे आले. झाकण लावले म्हणजे ते शिवणयंत्राच्या पेटीसारखे दिसे. वजन सुमारे ११ किलो. ते उचलून नेता येई एवढ्याच अर्थाने सुवाह्य. हातात धरून स्टेशनाचा जिना चढणाऱ्यास त्या विशेषणाची किंमत कळली असेल. पडदा अवघा ५ इंचांचा, म्हणजे पोस्टकार्डाहूनही लहान, आणि त्यावर एका ओळीत ५२ अक्षरे मावत. दोन्ही बाजूंस तबकड्यांची दोन खणे. यंत्रातील कोणताही भाग त्या काळी अपूर्व नव्हता. ऑस्बोर्न ह्यांचे धोरणच असे होते की गरजेस पुरेल तेवढे असले म्हणजे झाले, त्याहून उत्तम असण्याचे कारण नाही.

अपूर्व होती ती किंमत. १७९५ डॉलरमध्ये यंत्र मिळे, आणि त्याबरोबर पत्रलेखनाचा वर्डस्टार, हिशेबाचे तक्ते करणारा सुपरकॅल्क, बेसिक ही संगणकाची भाषा, असे प्रोग्रॅम मिळत. हेच प्रोग्रॅम वेगवेगळे घेतले तर त्यांचीच किंमत यंत्राच्या किमतीच्या जवळपास जाई. लोकांस वाटे, यंत्र घेतले व प्रोग्रॅम फुकट मिळाले, किंवा प्रोग्रॅम घेतले व यंत्र फुकट मिळाले.

हे परवडले कसे, हे आपल्या वाचकांनी अवश्य समजून घ्यावे. धान्य, कापड किंवा लोखंड ह्यांत दुसरा नग बनविण्यास जवळपास पहिल्या नगाइतकाच कच्चा माल लागतो. प्रोग्रॅमचे तसे नाही. तो प्रथम लिहिण्यास पुष्कळ बुद्धी व पुष्कळ पैसा लागतो. एकदा लिहून झाला की दुसऱ्या प्रतीस केवळ एका तबकडीचा खर्च येतो. म्हणून ज्यांचे प्रोग्रॅम होते त्यांस ऑस्बोर्न असे सांगू शकले की, प्रत्येक यंत्रामागे तुम्हांस थोडेच डॉलर मिळतील, पण प्रत्येक यंत्रामागे मिळतील. दुकानदाराची मनधरणी करण्याचे कारण नाही, जाहिरातीचा खर्च नाही. काहींस मोबदल्याच्या अंशाऐवजी कंपनीचे भाग देऊ केले. घाऊक खरेदीचे हे तंत्र आपल्या पेठांतील कोणत्याही अनुभवी आडत्यास नवे वाटणार नाही. नवी होती ती वस्तू, जिच्या बाबतीत हे तंत्र कल्पनेपलीकडे फळले.

मागणीचा लोंढा

कंपनीच्या मूळ आराखड्यात असा अंदाज होता की ह्या यंत्राचे, त्याची चलती संपेपर्यंत, एकंदर दहा हजार नग खपतील. प्रत्यक्षात भर काळात एका महिन्यास दहा हजार नग जाऊ लागले. सप्टेंबर १९८१ मध्ये, म्हणजे माल दुकानांत येऊ लागल्यास काही आठवडेच झाले असता, एका महिन्याची विक्री दहा लाख डॉलरवर गेली. १९८२ हे वर्ष तर वैभवाचे गेले. हेवर्ड येथील कारखान्यात माणसे मावेनाशी झाली.

येथे थोडे थांबून एक साधा हिशेब मांडू. पुढील आकडे ऑस्बोर्न ह्यांच्या वहीतील नव्हेत, केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका नगास १०० रुपये खर्च येतो व तो दुकानदारास १२० रुपयांस जातो. सुटे भाग पुरविणारा एक महिन्याची उधारी देतो. माल जोडून दुकानात पोहोचविण्यास एक महिना लागतो. दुकानदार माल मिळाल्यावर दोन महिन्यांनी पैसे देतो. म्हणजे प्रत्येक नगाचे १०० रुपये दोन महिने आपल्या गाठीचे गुंतून राहिले. महिन्यास शंभर नग जात असतील तर २०,००० रुपयांचे खेळते भांडवल पुरे होईल. आता धंदा वाढून वर्षभरात महिन्यास हजार नग झाले, तर गुंतलेली रक्कम २,००,००० रुपये होईल. म्हणजे १,८०,००० रुपये नवे आणावयास हवेत. ह्या वर्षात सरासरी पाचशे नग दरमहा गेले असे धरले तर नफा महिन्यास १०,००० रुपये, वर्षास १,२०,००० रुपये. आणि त्यातून पगार, भाडे, जाहिरात व कर अजून जावयाचे आहेत. विक्री दसपट झाली, प्रत्येक नगावर नफा आहे, एकही रुपया बुडालेला नाही, आणि तरीही तिजोरी रिकामी! ह्यात कोणाची लबाडी नाही. वाढीचा हा स्वभावच आहे.

हा हिशेब ज्याच्या डोळ्यांसमोर रोज असतो तो वेळीच भांडवल आणतो, नाहीतर वाढीस आवर घालतो. ज्याच्या समोर नसतो त्यास मागणी म्हणजेच नफा असे वाटू लागते. ऑस्बोर्न ह्यांच्या कंपनीत हेच झालेले दिसते. विक्री पुढे धावत होती आणि हिशेबखाते मागून रखडत येत होते. गुदामात काय आहे, कोणते सुटे भाग मागविले आहेत, कोणाचे देणे कोणत्या तारखेस द्यावयाचे आहे, ह्यांचा मेळ महिन्याच्या महिन्यास बसत नव्हता. १९८३ च्या जानेवारीत अन्नपदार्थांच्या एका मोठ्या कंपनीत अनुभव घेतलेले रॉबर्ट जॉनिक ह्यांस अध्यक्ष म्हणून आणले गेले. ऑस्बोर्न हे संचालक मंडळाचे प्रमुख राहिले. लोकांस भाग विकून मोठे भांडवल उभारण्याचा बेत ठरला होता. त्यासाठी वह्या नीट तपासावयास घेतल्या, तेव्हा जेथे नफा दिसेल असे सर्वांस वाटत होते तेथे तोटा निघाला, आणि जसजशी तपासणी पुढे गेली तसतसा तो वाढत गेला. भागविक्री रहित करावी लागली. ज्या पैशावर पुढील वर्षाची सारी भिस्त होती तो पैसा अशा रीतीने आलाच नाही.

प्रतिस्पर्धी

एवढ्यावरच संकट संपते तर कदाचित निभावले असते. पण दुकान चालते असे दिसले की समोरच्या गाळ्यात तसेच दुकान निघते, हा नियम कॅलिफोर्नियासही लागू आहे. अँड्र्यू के नावाचे एक अनुभवी यंत्रनिर्माते होते. विद्युद्दाब आकड्यांत दाखविणारे उपकरण त्यांनी १९५० नंतरच्या दशकात तयार केले होते. त्यांनी १९८२ साली ‘केप्रो’ हे यंत्र आणले. तेही पेटीसारखे, त्याबरोबरही प्रोग्रॅम, किंमत तंतोतंत तीच १७९५ डॉलर. फक्त पडदा ५ इंचांऐवजी ९ इंचांचा. डोळे ताणून वाचणाऱ्या गिऱ्हाइकास ह्याहून अधिक काही सांगण्याची गरज नव्हती.

दुसरे संकट अधिक खोल होते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम ह्या बलाढ्य कंपनीने आपला लहान संगणक बाजारात आणला आणि पाहता पाहता कचेऱ्यांतून तोच प्रमाण मानला जाऊ लागला. नोव्हेंबर १९८२ मध्ये टेक्सासमधील कॉम्पॅक ह्या नव्या कंपनीने हाती नेता येणारे असे यंत्र जाहीर केले, ज्यावर आयबीएमचे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालत. ऑस्बोर्न यंत्रावर ते चालत नसत. म्हणजे केवळ पडदा मोठा करून भागणार नव्हते. ज्या पद्धतीवर यंत्र उभे होते ती पद्धतच जुनी होत चालली होती.

फुटलेली वार्ता

अशा स्थितीत ऑस्बोर्न ह्यांच्या कंपनीने ‘एक्झिक्युटिव्ह’ हे नवे यंत्र सिद्ध केले. पडदा ७ इंचांचा, किंमत २४९५ डॉलर. १९८३ च्या आरंभी, यंत्र दुकानांत पोहोचण्यास काही महिने अवकाश असतानाच, ऑस्बोर्न ह्यांनी पत्रकारांस त्याची व त्यामागून येणाऱ्या आणखी एका यंत्राची माहिती दिली. मोठ्या उत्साहाने दिली. बोलणे हा त्यांचा हातखंडा होता, आणि बातमी कशी उठवावी हे त्यांस सदरलेखक असल्यापासून ठाऊक होते. ज्या जिभेने पहिले यंत्र घरोघर पोहोचविले तीच आता आडवी आली असे लोक म्हणतात.

पुढे काय झाले ते कापडाच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. दिवाळीच्या महिनाभर आधी गिरणीने जाहीर केले की पुढच्या हंगामात ह्याच भावाच्या आसपास अधिक पन्ह्याचे, अधिक चांगले कापड येणार आहे, तर कोणता दुकानदार आजचा तागा उचलील? तो म्हणेल, माझे मांडणीतले संपू द्या, मग पाहू. दुकानदारांनी ‘ऑस्बोर्न १’ च्या मागण्या मागे घेतल्या. नवे यंत्र हाती नाही, जुने कोणी घेत नाही, आणि तीन महिन्यांपूर्वी मागविलेले सुटे भाग मात्र रोज दारात उतरत आहेत व त्यांचे पैसे रोज मागितले जात आहेत. जुलै १९८३ मध्ये जुन्या यंत्राची किंमत १२९५ डॉलर केली. ऑगस्टमध्ये ९९५ डॉलर. गिऱ्हाइकाने त्यातून एवढाच अर्थ काढला की आणखी थांबलो तर आणखी उतरेल. १३ सप्टेंबर १९८३ रोजी कंपनीने न्यायालयात नादारीचा अर्ज केला. कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, भांडवल घालणारांचे पैसे गेले, आणि ज्यांनी नावावर विसंबून सुटे भाग उधार दिले होते ते रांगेत उभे राहिले.

ह्या शेवटच्या लोकांकडे आपल्या सभासदांनी जरा अधिक लक्ष द्यावे. आपणांपैकी फार थोडे जण नवे यंत्र काढतील. पण अशा नावाजलेल्या, वेगाने वाढणाऱ्या पेढीस पत्र्याचे डबे, खोकी, तारा, छपाई किंवा वाहतूक पुरविणारे पुष्कळ निघतील. मोठी मागणी आली, वृत्तपत्रात मालकाचे छायाचित्र आले, म्हणजे उधारीची मुदत विचारण्यास संकोच वाटतो. तो संकोच महागात पडतो.

दुसरी साक्ष

वर सांगितलेली कथा इतकी सुबक आहे की ती शाळेतील धड्याप्रमाणे सर्वत्र सांगितली जाते. पण २००५ साली रॉबर्ट क्रिंजली ह्या अमेरिकन स्तंभलेखकाने कंपनीतील जुन्या माणसाच्या सांगण्यावरून निराळी हकीगत प्रसिद्ध केली. तिच्याप्रमाणे वार्ता फुटल्याने धक्का बसला हे खरे, पण कंपनी त्यातून सावरू लागली होती व नवे यंत्र बरे खपत होते. तेवढ्यात कोणा अधिकाऱ्यास गुदामात जुन्या यंत्राच्या तयार मदरबोर्डांचा, म्हणजे यंत्राचे मर्म ज्यावर बसविलेले असते अशा मुख्य फलकांचा साठा सापडला. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. हा माल फुकट का घालवावा, ह्या विचाराने त्यांची पूर्ण यंत्रे करण्याचे ठरले. त्यासाठी पडदे आणले, स्मृतीच्या चकत्या आणल्या, तबकड्यांची खणे आणली, बाहेरच्या पेट्यांचे काम पुन्हा सुरू केले. दीड लाखाचा माल वाचविण्यास सुमारे वीस लाख डॉलर खर्ची पडले, आणि हे वीस लाखच त्या वेळी कंपनीपाशी उरलेले होते.

ही साक्ष अक्षरशः मानावी की नाही ह्यावर मतभेद संभवतो; एका माणसाच्या आठवणीवर सारा निकाल देता येत नाही. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते तीत जो व्यवहार सांगितला आहे तो अगदी ओळखीचा आहे. पडून राहिलेल्या मालावर पूर्वी किती पैसे घातले ह्याचा विचार करीत बसणे आणि आता आणखी किती घालावे लागतील हे न मोजणे, ही खोड जुन्या पेढ्यांतही असते. पूर्वीचे पैसे गेलेलेच असतात, माल ठेवला तरी व टाकला तरी. विचारावयाचे एवढेच की, आज ज्या रकमेस हात घालावयाचा ती ह्या मालातून परत येईल काय, आणि तोपर्यंत दुसऱ्या कोणत्या कामास ती हवी आहे.

शिवाय दोन्ही साक्षी परस्परांस खोडीत नाहीत. गुदामात दीड लाख डॉलरचा साठा ‘सापडतो’, ह्या एका क्रियापदातच पेढीचा रोग दिसतो. ज्या घरात दिवाळीस वहीपूजनाआधी शिल्लक माल मोजण्याची रीत आहे तेथे माल सापडत नसतो. तो वहीत असतो. वह्या अद्ययावत असत्या तर जुना साठा किती आहे, तो खपण्यास किती आठवडे लागतील, व म्हणून नव्या मालाविषयी किती आठवडे मौन पाळावयास हवे, हे ऑस्बोर्न ह्यांस बोलण्यापूर्वीच सांगता आले असते. वार्ता लवकर फुटली असे आपण म्हणतो. पण लवकर की उशिरा हे ठरविण्याचे मापच त्यांच्या हाती नव्हते.

कोणी म्हणेल, इतक्या वेगाने वाढणारी कोणतीही पेढी बुडणारच. तसे नाही. कॉम्पॅकने १९८३ ह्या आपल्या विक्रीच्या पहिल्याच वर्षात ११ कोटी १० लाख डॉलरचा माल विकला, म्हणजे ऑस्बोर्न ह्यांच्याहूनही वेगाने ती वाढली, आणि ती टिकली. तिचे यंत्र आयबीएमच्या प्रोग्रॅमांस चालणारे होते हा तिचा मोठा फायदा, ही गोष्ट नाकारता येत नाही. आणि म्हणून केवळ वह्या नीट ठेवल्याने ऑस्बोर्न कंपनी अमर झाली असती असेही कोणी समजू नये. पण एक हंगाम तग धरून नव्या पद्धतीचे यंत्र आणण्यास जो अवधी लागतो, तो अवधी विकत घेण्याचे साधन रोकड हेच असते. तेच संपले होते.

उत्तरायुष्य

ऑस्बोर्न ह्यांनी आपल्या पेढीच्या उदयास्ताची हकीगत जॉन ड्व्होरॅक ह्या पत्रकाराच्या साहाय्याने १९८४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. दिवाळे निघून वर्ष लोटते न लोटते तोच माणूस त्यावर पुस्तक लिहितो, ह्यावरून त्यांच्या उमेदीची कल्पना यावी. त्याच वर्षी त्यांनी ‘पेपरबॅक सॉफ्टवेअर’ ही नवी कंपनी काढली. कल्पना पुन्हा पुस्तकाच्या धंद्यातील होती : प्रोग्रॅम इतके महाग का असावेत? कागदी बांधणीच्या पुस्तकासारखे ते स्वस्त असावेत व पुस्तकांच्या दुकानात मिळावेत. त्या वेळी हिशेबतक्त्यांचा ‘लोटस १-२-३’ हा प्रोग्रॅम ४९५ डॉलरला विकला जात असे. पेपरबॅकचा ‘व्हीपी-प्लॅनर’ शंभर डॉलरच्या आत मिळे. तो चालवावयाचा कसा, ह्यासाठी पडद्यावर येणारी शब्दांची याद्यांतील मांडणी मात्र लोटसच्या वळणाची होती, म्हणजे लोटसची सवय झालेल्या माणसास काही नवे शिकावे लागू नये. १९८७ साली लोटस कंपनीने न्यायालयात दावा लावला. आतली रचना स्वतःची असली तरी बाहेरची मांडणी उचलणे हाही हक्कभंग होय काय, हा प्रश्न त्या काळी अगदी नवा होता. जून १९९० मध्ये न्यायमूर्ती कीटन ह्यांनी लोटसच्या बाजूने निकाल दिला. त्यापूर्वीच ऑस्बोर्न कंपनीतून बाहेर पडले होते. दावा चालू असताना दुकानदार असा माल ठेवण्यास कचरतात, ही गोष्ट पेपरबॅकला निकालाच्या किती तरी आधीच जाणवली असणार.

पुढे प्रकृतीने साथ सोडली. मेंदूच्या विकाराने कामकाज अशक्य होत गेले, आणि १९९२ च्या सुमारास ते भारतात परत आले. ज्या कोडाइकनालात ते लहानपणी शाळेत गेले होते तेथेच बहिणीच्या घरी त्यांचे शेवटचे दिवस गेले. १८ मार्च २००३ रोजी झोपेतच त्यांचा अंत झाला. त्यांचे वय ६४ वर्षांचे होते. तोपर्यंत हाती नेण्याचे संगणक दोन-तीन किलोंवर आले होते, आणि यंत्राबरोबरच प्रोग्रॅम मिळावेत ही अपेक्षा गिऱ्हाईक मुद्दाम बोलून दाखवीनासे झाले होते.